मराठी चित्रपट, मालिका आणि व्हिडिओंसाठी सबटायटल्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिग्दर्शक, संकलक, यूट्यूबवर काम करणारी मंडळी आणि या व्यवसायात येऊ पाहणारे विद्यार्थी आम्हाला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मराठीतून इंग्रजी आणि मराठीतून मराठी अशा दोन्ही कामांबद्दलची ही उत्तरं आहेत.

चित्रपट तयार आहे, महोत्सवाची मुदत चार दिवसांवर आली आहे. सबटायटल्स होतील का?

होतील, पण चांगली होणार नाहीत. दोन तासांच्या, भरपूर संवाद असलेल्या चित्रपटाला आठवडा ते दहा दिवस द्यायला हवेत. त्यात संवाद ऐकून वेळा लावणं (कोणता मजकूर पडद्यावर कधी येणार आणि कधी जाणार हे ठरवणं), भाषांतर, काटछाट, दुसऱ्या माणसाकडून तपासणी आणि शेवटी दिग्दर्शकासोबत बसून पूर्ण चित्रपट एकदा पाहणं, एवढं सगळं येतं. यातली शेवटची पायरी सगळ्यात आधी गाळली जाते आणि तीच सगळ्यात महाग पडते.

परदेशातले परीक्षक मराठी ऐकत असतात, पण त्यांना कळतं ते इंग्रजीतून. ऑस्करला भारतातर्फे गेलेल्या ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ या चित्रपटांचा प्रत्येक मराठी संवाद तिथल्या सभासदांनी वाचूनच समजून घेतला. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांसाठी पाठवायच्या प्रतीलाही इंग्रजी सबटायटल्स लागतात. छायाचित्रणाला महिने देणाऱ्या माणसाने या कामाला चार दिवस द्यावेत, हे आम्हाला खरोखर पटत नाही.

आणखी एक. काम पिक्चर लॉक झाल्यावरच, म्हणजे संकलन संपून आता काही बदलणार नाही असं ठरल्यावरच द्या. नंतर एक दृश्य जरी दोन सेकंदांनी कापलं, तरी त्यापुढच्या सगळ्या वेळा सरकतात. सोबत संवादांची प्रत द्या, पण ती अंतिम चित्रपटाशी जुळवलेली असावी. चित्रीकरणाच्या वेळची संहिता आणि पडद्यावर आलेला संवाद यांत बराच फरक पडलेला असतो.

पात्र जे बोलतं ते सगळं का देत नाही? आमच्या लेखकाचे शब्द तुम्ही का कापता?

हा प्रश्न रागाने विचारला जातो. तो राग आम्हाला समजतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

कानाने ऐकण्याचा वेग आणि डोळ्यांनी वाचण्याचा वेग सारखा नसतो. शिवाय प्रेक्षक नुसतं वाचायला आलेला नाही. त्याला नटाचा चेहरा, हात, मागचं घर, दारात उभी असलेली दुसरी बाई हे सगळं पाहायचं आहे. मालिकेतली सासू चार सेकंदांत पंचवीस शब्द सहज बोलून जाते. सेकंदाला सतरा अक्षरं हा इंग्रजी वाचनाचा सोयीचा वेग धरला, तर चार सेकंदांत अडुसष्ट अक्षरं बसतात, म्हणजे जेमतेम अकरा-बारा शब्द. उरलेले कुठे जाणार? ते सगळे पडद्यावर ठेवले तर प्रेक्षक पूर्ण वेळ खालच्या पट्टीतच अडकतो आणि वर अभिनय वाया जातो.

म्हणून आधी जातात ती हाक, ‘अगं’, ‘म्हणजे कसं आहे ना’, पुन्हा उच्चारलेलं वाक्य, आणि डोळ्यांना दिसतच असलेली गोष्ट. पात्र दाराकडे बोट दाखवून ‘तिकडे, त्या दाराकडे बघ’ म्हणत असेल, तर ‘बघ’ पुरतं. मात्र तेच पात्र घाबरून एकच शब्द तीनदा म्हणत असेल तर ती भीती कापायची नाही. काय कापायचं हे शब्द मोजून ठरत नाही. या दृश्यात प्रेक्षकाने काय पाहायला हवं, हे आधी ठरवावं लागतं आणि मग त्या पाहण्याच्या आड येणारं काढावं लागतं. चांगलं सबटायटल वाचून होतं आणि नजर लगेच चेहऱ्यावर परत जाते. आमची सगळी मेहनत त्या अर्ध्या सेकंदासाठी असते.

एका वेळी किती मजकूर आणि किती सेकंद?

इंग्रजीसाठी सध्याची रूढ मर्यादा अशी : जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत साधारण ४२ अक्षरं, सेकंदाला १७ ते २० अक्षरं. सबटायटल एका सेकंदाच्या पाच-षष्ठांशापेक्षा कमी वेळ आणि सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ ठेवत नाहीत. दोन सबटायटल्समध्ये किमान दोन फ्रेमची (फ्रेम म्हणजे चित्रपटातलं एक स्थिर चित्र) मोकळी जागा असते, नाहीतर मजकूर बदलला हे डोळ्यांना कळत नाही. दूरचित्रवाणीवर पूर्वी दोन भरलेल्या ओळींना सहा सेकंद देत असत. आजचा वेग त्याहून बराच जास्त आहे. आमच्या मते प्रौढ प्रेक्षकांसाठी सतरा बरा, लहान मुलांच्या कार्यक्रमांना त्याहूनही कमी.

ओळ तोडताना अर्थ तोडू नका. ‘पुण्याच्या’ एका ओळीत आणि ‘मावशीकडे’ दुसऱ्या ओळीत गेलं की वाचणारा अडखळतो. दृश्य बदलतं तिथे सबटायटलही शक्यतो संपवावं.

देवनागरीलाही ४२ अक्षरांचाच नियम लावायचा का?

नाही, आणि यावरून खूप गोंधळ होतो. संगणक अक्षर मोजतो ते युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या हिशेबाने. ‘स्वातंत्र्य’ या शब्दात त्याला स, हलन्त, व, काना, त, अनुस्वार असं करत ११ घटक दिसतात. वाचणाऱ्याला दिसतात तीन अक्षरं : स्वा, तं, त्र्य. त्यामुळे सॉफ्टवेअर ‘वेग फार आहे’ म्हणून लाल रंग दाखवतं तेव्हा तो मजकूर खरोखर घाईचा असेलच असं नाही. उलट जोडाक्षरांनी गच्च भरलेली ओळ आकड्यात बसते आणि वाचताना जड जाते.

ग्राहकाची मर्यादा आकड्यात असेल तर ती पाळावीच लागते. ती नसेल तर आम्ही दोन गोष्टी बघतो. ओळ पडद्याच्या दोन-तृतीयांश रुंदीपलीकडे जात नाही ना, आणि आवाज बंद ठेवून पाहणाऱ्या माणसाला ती चेहऱ्यासकट झेपते ना. दुसरी तपासणी करायला चित्रपट आधी न पाहिलेला माणूस हवा. ज्याला संवाद पाठ आहेत त्याला सगळंच झेपतं.

आमच्या विनोदावर इंग्रजी वाचणारे आधीच हसतात. का?

कारण मराठी वाक्याचा निकाल शेवटी लागतो. क्रियापद शेवटी, नकार तर त्याच्याही नंतर. ‘तुझ्याशी लग्न मी या जन्मात करणार...’ इथे नट थांबतो, नायिका वर बघते, आणि मग ‘नाही’ येतं. सरळ इंग्रजी केलं तर नकार पहिल्या तीन शब्दांतच येतो आणि नटाचा तो थांबा फुकट जातो.

उपाय दोन. शक्य असेल तिथे सबटायटल थांब्यावर तोडायचं आणि शेवटचा भाग नटाच्या तोंडून शब्द निघाल्यावरच दाखवायचा. तसं होत नसेल तर वाक्याची रचना बदलायची : आधी प्रश्न, मग अर्धवट सोडलेली ओळ, मग एका शब्दाचा नकार. कोर्टातला निकाल, डॉक्टरांनी सांगितलेली बातमी, खुन्याचं नाव, सगळ्यांना हेच लागू. नाव उच्चारण्याआधी नाव पडद्यावर येता कामा नये. भाषांतर अचूक असूनही दृश्य पडतं ते बहुतेक वेळा याच कारणाने.

बोली, शिव्या आणि ‘अहो-अगं’ यांचं काय करायचं?

मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या पात्राला इंग्लंडच्या एखाद्या गल्लीतली मोडकी इंग्रजी देऊ नका. प्रेक्षकाच्या मनात लगेच चुकीचा देश उभा राहतो. छोटी वाक्यं, साधे शब्द, रोखठोक सूर यांतून ते पात्र शहरातल्या वकिलापेक्षा वेगळं ऐकू यायला हवं.

शिवीचं वजन सांभाळा. मैत्रीतल्या शिवीला तिथे मित्र मित्राला देतील तशीच शिवी द्या. जातीवरून दिलेली शिवी मात्र सौम्य करू नका. ती सौम्य केली की दृश्यातला अन्यायच पुसला जातो आणि पुढचा उद्रेक प्रेक्षकाला अतिरेकी वाटतो.

नवऱ्याला वीस वर्षं ‘अहो’ म्हणणारी बाई भांडणात ‘तू’वर येते तेव्हा इंग्रजीत सर्वनाम बदलत नाही. तिथे आम्ही बाकीचा सूर बदलतो : तोवर ती विनंतीच्या वाक्यांत बोलत असेल, तर त्या क्षणी तुटक आज्ञा येते, किंवा ती पहिल्यांदा त्याचं नुसतं नाव घेते. यासाठी चित्रपटाच्या सुरुवातीपासून तयारी करून ठेवावी लागते, म्हणून भाषांतर करण्याआधी चित्रपट पूर्ण पाहावा.

गाण्यांना सबटायटल द्यायचं का?

गाणं कथा पुढे नेत असेल तर हो. यमक जुळवण्याच्या मागे लागू नका, अर्थ आणि लय पुरते. अभंग किंवा ओवीत धृपद परत परत येतं, ते दोनदा दाखवून पुढे सोडलं तरी चालतं. गाण्याचे सबटायटल तिरप्या अक्षरांत देण्याची पद्धत आहे. देवनागरीत मात्र तिरपी अक्षरं वाचायला त्रास होतो, तिथे संगीताचं चिन्ह (♪) लावणं बरं.

एकाच चित्रपटात तीन-चार भाषा असतील तर?

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी आहे. कोण कोणत्या भाषेत बोलतो, कोणाला काय कळत नाही, यातच चित्रपटाचं बरंच काही आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) कैकाडी आणि मराठी शेजारी शेजारी येतात. सगळ्याचं एकसारखं इंग्रजी केलं की परदेशी प्रेक्षकाला भाषा बदलली हेच कळत नाही. दुसरी भाषा तिरप्या अक्षरांत द्यावी, किंवा पहिल्यांदा भाषा बदलते तिथे कंसात तिचं नाव द्यावं. पूर्ण चित्रपटभर एकच पद्धत ठेवा.

मराठी चित्रपटाला मराठीच सबटायटल्स कशाला? ऐकू तर येतंय.

सगळ्यांना येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. वय वाढल्यावर कमी ऐकू येणारे आजी-आजोबा त्यात स्वतःला मोजत नाहीत, पण टीव्हीचा आवाज वाढवत राहतात.

दुसरं कारण वाचनाचं. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये ही कल्पना मांडली : गाण्याचे शब्द त्याच भाषेत खाली दाखवले तर थोडंफार वाचता येणारी माणसं रोज नकळत वाचनाचा सराव करतील. त्यांच्या ‘प्लॅनेटरीड’ संस्थेच्या प्रयत्नांतून दूरदर्शनच्या ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’मध्ये हे आलं, आणि महाराष्ट्रात ‘झी टॉकीज’वर मराठी चित्रपटांसोबतही त्याचा प्रयोग झाला. खर्चाच्या मानाने याइतका उपयोगी उपाय आम्हाला दुसरा माहीत नाही. तो प्रत्येक मराठी वाहिनीवर का नसावा?

परदेशात वाढलेल्या मराठी मुलांचं गणित उलटं असतं. त्यांना कानाने मराठी कळतं, देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी इंग्रजी फाइलही हवी.

कर्णबधिर प्रेक्षकांसाठीच्या सबटायटल्समध्ये वेगळं काय असतं?

संवादाखेरीज जे ऐकू येतं आणि ज्याने काही बिघडतं किंवा घडतं, ते लिहावं लागतं. बोलणारा पडद्यावर नसेल तर त्याचं नाव. दाराची कडी, दुरून येणारी हलगी, फोनचा आवाज. पंख्याची घरघर नेहमीची असेल तर नको, पण ती अचानक थांबली आणि सगळे गप्प झाले तर हवी. ‘संगीत’ असं मोघम लिहू नका. संबळ वाजतोय की सनई, हे लिहिलं की वाचणाऱ्याला गोंधळ आहे की लग्न हे कळतं.

पात्र केलं-गेलं म्हणत असेल तर केलं-गेलंच लिहा. बोली असेल तर बोलीच लिहा, वाचता येईल एवढी सोपी करून. कर्णबधिर प्रेक्षकाला प्रमाण मराठीचा धडा द्यायचा नाही, तो माणूस कसा बोलतो ते पोचवायचं आहे.

हा कायद्याचाही विषय आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांत क्लोज्ड कॅप्शन (हवी तेव्हा चालू-बंद करता येणारी सबटायटल्स), सांकेतिक भाषा आणि ध्वनिवर्णन (दिसणाऱ्या गोष्टींचं बोलून केलेलं वर्णन) यांची तरतूद आहे. २०१९ मध्ये दूरचित्रवाणीसाठी आणि मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतल्या प्रदर्शनासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने सुगम्यतेचे निकष काढले. निर्मात्यांनी हे शेवटच्या क्षणाला आठवायचं काम समजू नये, अंदाजपत्रकातच धरावं.

फाइल कोणत्या प्रकारची मागायची?

बहुतेक कामांना एसआरटी. ती साधी मजकुराची फाइल असते : क्रमांक, सुरू आणि बंद होण्याची वेळ, मजकूर, रिकामी ओळ. वेळेत मिलिसेकंदांच्या आधी स्वल्पविराम असतो. संकेतस्थळांवरच्या प्लेअरला लागणाऱ्या वेब-व्हीटीटीमध्ये तिथे टिंब असतं आणि फाइलच्या पहिल्या ओळीत ‘WEBVTT’ असं लिहावं लागतं. वेळा कायम इंग्रजी अंकांत लिहा, मजकुरात मराठी अंक चालतात. करायला ‘सबटायटल एडिट’ आणि ‘एजीसब’ ही दोन मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत.

सबटायटल्स पुढेमागे होतात. दुरुस्त कसं करायचं?

आधी निदान. सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक संवाद तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर सुरुवातीला पाटी जोडली किंवा काढली गेली आहे, सगळ्या वेळा तेवढ्याच सरकवल्या की झालं.

फरक वाढत जात असेल तर फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम चालतात तो वेग) वेगळा आहे. २४ फ्रेमवर केलेली फाइल २५ फ्रेमच्या वेगाने चालणाऱ्या प्रतीला लावली, तर दोन तासांनंतर सबटायटल जवळपास पावणेपाच मिनिटं मागे पडतं. २४ आणि २३.९७६ यांत तेवढ्याच लांबीला सात सेकंदांचा फरक येतो, आणि तो मध्यंतरापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलण्याची सोय असते. एकेक ओळ हाताने सरकवत बसू नका.

मधल्याच एखाद्या ठिकाणापासून फरक सुरू होत असेल, तर तिथे दृश्य कापलं आहे. संकलकाला फोन करा.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं किंवा तुटलेली जोडाक्षरं दिसतात.

प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याच्या रूढ पद्धतीत साठवलेली नाही. चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.

जोडाक्षरं सुटी पडत असतील, वेलांटी भलत्या ठिकाणी बसत असेल, तर सॉफ्टवेअरला आपली लिपी जुळवता येत नाही. प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स विभागात ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय निवडला की बहुधा प्रश्न सुटतो. फॉन्ट जाडसर घ्या. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, दोन्ही मोफत आहेत. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो.

चित्रपटगृहासाठीच्या डीसीपीमध्ये (डिजिटल सिनेमा पॅकेज, म्हणजे तिथे दाखवायची डिजिटल प्रत) वेगळं काही?

इंग्रजी मजकूर वेगळ्या फाइलमधून देता येतो आणि प्रक्षेपणाच्या वेळी तो वर उमटतो. देवनागरीच्या बाबतीत प्रत्येक चित्रपटगृहातली यंत्रणा जोडाक्षरं नीट जुळवेलच याचा भरवसा धरू नका. प्रत्येक सबटायटलचं पीएनजी चित्र करून द्या किंवा मजकूर चित्रातच पक्का करा. आणि प्रदर्शनाआधी मोठ्या पडद्यावर, मागच्या रांगेत बसून तपासा.

यंत्राकडून आपोआप करून घेतलं तर?

आवाजावरून मजकूर करणारी साधनं आता मराठीतही बरी चालतात. ओपनएआयचं व्हिस्पर २०२२ पासून उपलब्ध आहे. स्वच्छ आवाजात एकट्याने दिलेलं व्याख्यान असेल तर पहिला खर्डा म्हणून जरूर वापरा, वेळ वाचतो. दोघं एकाच वेळी बोलले, बोली आली, मध्ये इंग्रजी मिसळलं, गावांची आणि माणसांची नावं आली, की चुका वाढतात. शांततेच्या जागी कोणी न बोललेलं वाक्य घुसवण्याचीही यंत्राला सवय आहे. शिवाय काय कापायचं हा निर्णय त्यातून मिळत नाही. तपासल्याशिवाय काहीही प्रसिद्ध करू नका, विशेषतः आरोग्य, कायदा आणि शेतीच्या औषधांबद्दलच्या व्हिडिओंत.

यूट्यूबवर मजकूर चित्रातच छापू की वेगळी फाइल देऊ?

वेगळी फाइल. ती बंद-चालू करता येते, अक्षरं मोठी करता येतात, शोधात सापडते, आणि नीट तपासलेल्या मराठी फाइलवरून यूट्यूबचं आपोआप होणारं भाषांतरही बरं येतं. प्रेक्षकांनी सबटायटल्स पाठवण्याची जुनी सोय यूट्यूबने सप्टेंबर २०२० मध्ये बंद केली, त्यामुळे ते काम आता वाहिनीनेच करायचं. छोट्या उभ्या व्हिडिओंत, जिथे लोक आवाज बंद ठेवून पाहतात, तिथे मजकूर चित्रात छापलेला बरा.

आवडत्या जुन्या चित्रपटाची सबटायटल्स स्वतः करून टाकली तर चालेल?

संवादांचं भाषांतर करण्याचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो, त्यामुळे परवानगी घ्या. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. त्याहून जुन्या चित्रपटांवर काम करणं सोपं जातं, पण संवाद आणि गीतांच्या लेखनाचा हक्क वेगळा असतो, तो संपला आहे का ते आधी तपासा. तसं काम व्हायला मात्र हवं. कितीतरी जुने मराठी चित्रपट परभाषिकांना पाहता येत नाहीत, ते केवळ सबटायटल्स नाहीत म्हणून.

हे काम शिकायचं तर सुरुवात कशी करू?

दहा मिनिटांचा प्रसंग घ्या, स्वतः सबटायटल्स करा, आवाज बंद करून घरच्यांना दाखवा आणि नंतर कोणी कोणाला काय म्हणालं ते विचारा. त्यांना न कळलेल्या जागा पुन्हा लिहा. पाच-सहा वेगळ्या जातीचे प्रसंग असे करा : भांडण, न्यायालय, विनोद, गाणं, बातमी. इंग्रजी चांगलं हवंच, पण नापास होतात ते बहुधा मराठी कमी ऐकलेले. एसटीत, बाजारात, तमाशाच्या तंबूत लोक कसे बोलतात हे कानात असल्याशिवाय संवादातला टोमणा सापडत नाही.

मोबदला कसा ठरवतात? नाव मिळतं का?

दर व्हिडिओच्या मिनिटावर ठरतो, कामाच्या तासांवर नाही. म्हणून दर सांगण्याआधी नमुना मागा. शांत माहितीपटाचं एक मिनिट आणि चर्चेच्या कार्यक्रमाचं एक मिनिट यांत कष्टांचा तिपटी-चौपटीचा फरक असू शकतो. वेळा लावणं, भाषांतर आणि तपासणी यांचे पैसे वेगळे मांडा. लॉकनंतर चित्रपट बदलला तर जादा आकार लागेल, हे आधीच लेखी घ्या.

श्रेयनामावलीत नाव मागा. पुष्कळदा ते दिलं जात नाही, कारण नामावली आधीच तयार झालेली असते. पहिल्याच ईमेलमध्ये लिहिलं तर बहुतेक निर्माते नाही म्हणत नाहीत. नाव ज्या व्यक्तीने काम केलं तिचं असावं, नुसतं कंपनीचं नको. आणि शेवटच्या सबटायटलमध्ये स्वतःचं नाव घुसवू नका, ती जागा चित्रपटाची आहे.